अंबरनाथची मोटार-परीक्षा

मोटार क्लबाच्या पत्रकात छापून आलं आहे की अंबरनाथ-बदलापूर भागातली तीन दिवसांची मोटार-परीक्षा खेळीमेळीनं आणि नियमांचं काटेकोर पालन होऊन पार पडली. पत्रक माझ्या भावोजींनी मला पेणला टपालानं पाठवलं, वर तांबड्या पेन्सिलीची खूण करून. खूण कशाला, तर तिसऱ्या क्रमांकाच्या गाडीपुढे त्यांचं नाव आहे आणि त्याखाली माझंही. ते वाचलं आणि शाळेतून आल्यावर चहासुद्धा न घेता लिहायला बसलो. मी त्या गाडीत होतो. खेळीमेळी किती होती आणि काटेकोरपणा कुणाच्या वाट्याला आला हे मला ठाऊक आहे. जे तिथे नव्हते त्यांनाही ते ठाऊक व्हावं, एवढ्याचसाठी हा खटाटोप.

आधी ही परीक्षा म्हणजे काय ते सांगतो, कारण पेणमध्ये ज्याला ज्याला सांगितलं तो तो “म्हणजे शर्यतच ना?” असं म्हणाला. शर्यत नव्हे. कोण पुढे पळतं याला इथे मान नाही. कुणाची गाडी भरवशाची, हे पाहायचं. तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच रस्त्यानं फेऱ्या घालायच्या. अंबरनाथच्या मैदानातून निघून उल्हासनगरमधून कल्याणच्या वेशीपर्यंत, मग मागे वळून अंबरनाथ ओलांडून कात्रपच्या शेतांतून बदलापूर गाव, आणि पुन्हा मैदान. वाटेत चौक्या. चौकीवर नेमलेल्या मिनिटाला पोचायचं. उशीर झाला तर गुण कापतात आणि लवकर पोचलात तरी कापतात. आणि मुख्य गोष्ट, सुरुवातीलाच गाडीचं बॉनेट तारेनं बांधून त्यावर शिशाचं सील ठोकतात. सिलावर नंबर असतो. सील तुटलं की समजायचं, आत काहीतरी बिघडलं आणि चोरून दुरुस्त केलं.

कल्पना चांगली आहे. मी गणिताचा मास्तर, मला ती मनापासून आवडली होती. माझा राग कल्पनेवर नाही.

अंबरनाथ आणि उल्हासनगर, आदला दिवस

माझी थोरली बहीण अक्का अंबरनाथला दिली आहे. तिचे यजमान विनायकराव तिथल्या एका कारखान्यात खरेदी खात्यात अधिकारी आहेत. माणूस कष्टानं वर आलेला. वडील बदलापूरच्या बाजूला शेती करायचे, हे शिकले, कारखान्यात लागले, साहेबी टोपी घालू लागले. नाद एकच, मोटारीचा. लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेली एक जुनी विलायती गाडी त्यांनी आणली आणि तेव्हापासून अक्काच्या घरात पहिला मान त्या गाडीला. मला त्यांनी शेजारी बसून घड्याळ आणि नकाशा सांभाळायला बोलावलं होतं.

मी पोचलो त्याच दुपारी आम्ही गाडी घेऊन उल्हासनगरला गेलो. तिथे लष्कराच्या जुन्या बराकी आहेत, लांबच लांब, आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं त्यांत राहतात. एका बराकीत दहा-बारा बिऱ्हाडं, मध्ये गोणपाटाचे पडदे. आमच्याकडे मिठागरावरच्या मजुरांच्या झोपड्याही याहून ऐसपैस असतात. पण पडद्याच्या पुढच्या अंगाला बघावं तर प्रत्येकानं काहीतरी मांडलेलं. कुणी बिस्किटं भाजतोय, कुणी कापड विकतोय, कुणी छत्र्या दुरुस्त करतोय. रिकाम्या हातानं बसलेला माणूस मला त्या सबंध दुपारी दिसला नाही.

भावोजींचा मिस्त्री लीलाराम तिथे राहतो. चाळिशीचा, किडकिडीत, नखं काळी, सदरा मात्र धुतलेला. आम्ही टेकतो न टेकतो तोच त्याच्या बायकोनं भाजलेला पापड आणि पाणी पुढे ठेवलं. पाहुण्याला आधी पापड, ही त्यांची रीत. आमच्या पेणच्या पोह्याच्या पापडाचा मला फार अभिमान. पण पाहुण्याला आम्ही गूळ-पाणी देतो, पापड जेवणाच्या पानात डाव्या बाजूला. मी तसं म्हणालो तेव्हा ती हसून आणखी एक पापड भाजायला गेली.

लीलारामचं कराचीत स्वतःचं वर्कशॉप होतं. हाताखाली माणसं होती. तिथून निघताना कागदपत्रांची पेटी बंदरावर गेली ती गेलीच. आता तो कुठल्याही कारखान्यात फिटर म्हणून विचारायला गेला की पहिला प्रश्न, सर्टिफिकेट? त्याच्याकडे हात आहेत, कागद नाही. म्हणून तो बराकीपुढे बसून सायकलींना पंक्चर काढतो आणि कधी एखादी मोटार आलीच तर मनापासून करतो.

आमची गाडी त्यानं कशी केली ते मी पाहिलं. इंजिनाच्या डोक्याखालचं गॅस्केट बाजारात मिळत नव्हतं, तर यानं तांब्याचा पत्रा आणून कात्रीनं कापून बसवलं होतं. पाण्याच्या पंपाला सुतळी ग्रीसमध्ये भिजवून गुंडाळलेली. गाडी सुरू करून त्यानं स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. बराच वेळ तसाच उभा होता. मग भावोजींना म्हणाला, “चढ आया तो सीधा दूसरा गिअर डालना, साईं. इज्जत का सवाल नहीं बनाना.” भावोजींना ते आवडलं नाही, पण तिन्ही दिवस त्यांनी ऐकलं तेवढं मात्र.

संध्याकाळी मैदानावर सील ठोकायला सगळ्या गाड्या आल्या. परीक्षेचे मुख्य पंच होते दिवाणसाहेब, भावोजींच्याच कारखान्याचे मॅनेजर. पाइप ओढणारे, हळू बोलणारे. त्यांनी आमच्या बॉनेटखाली डोकावून पाहिलं, तांब्याच्या पत्र्यावर बोट फिरवलं आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं. भावोजींनी लीलारामला पुढे केलं. साहेबांच्या कारखान्यात लॉऱ्या आहेत, त्यांना फिटर हवाच होता. ते म्हणाले, “शेवटच्या कार्डावर गाडीबरोबर मिस्त्रीचंही नाव लिहितात. गाडी सिलासकट पुरी झाली आणि तुझं नाव त्या कार्डावर आलं, तर माझ्या दृष्टीनं तेच सर्टिफिकेट. सोमवारी ये.”

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. लीलारामनं हात जोडले आणि शिशाचं सील ठोकलं जाताना तो त्याच्याकडे असा बघत होता की मीच नजर वळवली.

बदलापूरचं फाटक, पहिला दिवस

थंडीचे दिवस होते. सकाळी धुकं, शेतात वाल पेरलेला, कात्रपच्या बांधांवर दंव. गाडी अशी चालत होती की मला काम उरलं नाही. मी मिनिटं सांगायचो, भावोजी हाकायचे. शंकराच्या जुन्या देवळावरून जाताना दोघंही एका हातानं नमस्कार करायचो, इतकंच काय ते बोलणं. एकदा म्हशींच्या कळपात अडकलो, पण गुराख्यानं आम्हाला ओळखल्यासारखं करून वाट दिली.

बदलापूर गावात शिरायला रेल्वेचं फाटक ओलांडावं लागतं. फाटक बंद असलं तर तेवढा वेळ माफ, असं नियमात होतं. फक्त फाटकवाल्याची सही आणायची. आम्हाला फाटक लागलं. मालगाडी गेली. फाटकवाला म्हातारा, प्रामाणिक, म्हणाला, सही येत नाही, अंगठा देतो. मी त्याचा अंगठा घेतला, खाली वेळ लिहिली आणि चौकीवर दिला. संध्याकाळी मैदानावरच्या फलकावरून कळलं की अंगठा चालणार नाही. नियमात सही लिहिलंय, अंगठा लिहिलेला नाही. आमचे गुण कापले.

असो म्हटलं. पण त्याच फलकावर शेजारी हिरव्या गाडीचा कागद लावला होता. हिरवी गाडी म्हणजे मुंबईच्या एका बड्या घरची, नवी कोरी, मालक स्वतः चालवणारा. त्यालाही त्याच दिवशी तेच फाटक लागलं होतं, आणि त्याच्या कागदावर फाटकवाल्याची सही होती. इंग्रजीत. वळणदार, शेपटी काढलेली. दुपारी मला अंगठा देणाऱ्या म्हाताऱ्याला तासाभरात इंग्रजी आलं होतं.

मी ते दिवाणसाहेबांना दाखवलं. ते पाइप तोंडातून न काढता म्हणाले की सही आहे ना, मग कुणाची हे पाहणं पंचांचं काम नव्हे. वर्गात मी अशा मुलाला बाकावर उभा केला असता.

मोरिवली, दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी दुपारी मोरिवलीजवळ हिरवी गाडी रस्त्याच्या कडेला दिसली. बॉनेट उघडं, वाफ वर, मालक सावलीत सिगारेट ओढतोय आणि दोन मिस्त्री पाण्याचा नवा पंप बसवताहेत. नवा. खोक्यातून काढलेला. सिलाची तार तुटून खाली लोंबत होती. मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. फेरी मारून परत आलो तेव्हाही ते तिथेच होते.

मला वाटलं, झालं, ही गाडी गेली. मला वाईटसुद्धा वाटलं, खोटं कशाला बोला. आमच्या गाडीत सुतळी भरलेला पंप निवांत चालला होता आणि यांच्या कोऱ्या गाडीचा पंप मोडला होता, यात मी थोडा खूशही झालो.

संध्याकाळी फलकावर नवा कागद. सुरक्षिततेच्या दृष्टीनं, कुणा अधिकाऱ्याच्या देखत बॉनेट उघडलं असल्यास ते सील तुटलं असं धरू नये. हा नियम सकाळी नव्हता. मी पुस्तिका तीनदा वाचली होती, मला पाठ होती. अधिकारी कोण, तर त्या मालकाचा मेहुणा, जो चौकीवर सरबत वाटायला उभा होता आणि ज्याला दुपारनंतर दंडावर अधिकाऱ्याची पट्टी बांधण्यात आली. मालकानं आधी लिहून दिलं होतं की अर्धा तास लागला. मग कुणीतरी सांगितलं असेल, अर्ध्या तासाचे गुण फार कापले जातात. तेव्हा त्यानं जबाब बदलून पाच मिनिटं केला आणि तो बदल मान्य झाला. जुना जबाब खोडून त्याच कागदावर नवा लिहिलेला, मी बघितला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावोजी मला बाजूला ओढून म्हणाले, “दिगू, ते माझे साहेब आहेत. तू परवा पेणला जाशील, मला सोमवारी त्यांच्यापुढे उभं राहायचंय.” मी फलकापुढून हललो. खरं तर तेव्हाच मला समजायला हवं होतं की हा माणूस त्यांच्यापुढे किती वाकू शकतो.

बदलापूर गाव, तिसऱ्या दिवशी सकाळी

बदलापूर गावात शेवटच्या दिवशी सगळ्या गाड्यांना अर्ध्या तासाची सक्तीची विश्रांती होती. गाडी वडाखाली उभी केली. भावोजींची मावशी तिथून चार घरांवर राहते. आदल्या दोन दिवसांत तिनं गाडी जाताना पाहिली होती आणि आपला भाचा थांबत नाही म्हणून रुसली होती. आज ती स्वतःच आली. लुगड्याचा काष्टा, डोक्यावर पदर, हातात ताट. ताटात हळद-कुंकू, तेलाची वाटी, नारळ, आणि फडक्यात बांधलेली तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी.

“गारीला कुकू लावल्याबिगर जाव देयाची नाय तुना,” ती म्हणाली.

भावोजींनी इकडेतिकडे पाहिलं. चौकीवरचे अधिकारी पलीकडे झाडामागे टेबल टाकून ऑम्लेट खात होते. ते बघत नाहीत अशी खात्री झाल्यावर भावोजी हळूच म्हणाले, लवकर कर. मी ती भाकरी खात होतो. इतकी चांगली भाकरी मी पेणलाही क्वचित खाल्ली असेल, म्हणून माझं लक्ष तिकडेच.

मावशीनं चाकांना कुंकू लावलं, दिव्यांना लावलं. मग तिला बॉनेटवरची तार दिसली आणि तारेला लोंबणारा शिशाचा मणी. तिला वाटलं, गाडीला ताईत बांधलाय. एवढी महागाची चीज, दृष्ट लागू नये म्हणून कुणीतरी बांधणारच. तिनं भक्तिभावानं तो मणी बोटांत धरला, तेलात कालवलेलं कुंकू त्यावर घट्ट दाबलं, आणि आमच्याकडे देवीचा ताईत डोळ्यांना लावतात तसा वाकून डोळ्यांना लावला. तार पिळली गेली. मग तिनं चाकापुढे नारळ फोडला, भाच्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्या हातात आणखी एक भाकरी कोंबली.

मी हे बघितलं. भावोजींनीही बघितलं. आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही की त्या मण्यावर नंबर होता. आमच्या घरातही नव्या वस्तूला कुंकू लावल्यावर कुणी वस्तूचा नंबर बघायला जात नाही.

अंबरनाथ, तिसऱ्या दिवशी दुपारी

गाडी नेमलेल्या मिनिटाला न चुकता पोचली. एकदाही बंद पडली नव्हती. लीलाराम मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, मिस्त्री लोकांना ज्या दोरीमागे उभं केलं होतं तिथे उभा होता. आम्ही आत वळलो तेव्हा त्यानं चवड्यांवर उभं राहून पाहिलं. सील जागेवर आहे हे लांबूनही दिसत होतं. तो खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

तपासनीस आला, सील हातात घेतलं, आणि त्याचं बोट लाल झालं. त्यानं रुमालानं पुसलं. कुंकू तेलात मिसळून नंबराच्या खाचांत घट्ट बसलं होतं. वर तार पिळलेली. त्यानं दिवाणसाहेबांना बोलावलं.

आम्हाला कारखान्याच्या क्लबाच्या खोलीत नेलं. तिथे दिवाणसाहेब, क्लबाचे सेक्रेटरी आणि आणखी दोघं कोट घातलेले. हिरव्या गाडीचा मालक खिडकीत बसून शीतपेय पीत होता. तो तिथे कोणत्या नात्यानं होता ते कुणी विचारलं नाही. दिवाणसाहेबांनी नियम वाचला. सील परक्या माणसानं हाताळलं असेल तर थोडे गुण कापून गाडी पुरी धरतात. मिस्त्रीनं हाताळलं असेल तर गाडी तशीच पुरी धरतात, पण मिस्त्रीचं नाव कार्डावरून काढतात. चालवणाऱ्यानं किंवा सोबत्यानं हाताळलं असेल तर गाडी बाद. मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, सिलाला हात कुणी लावला?

खरं उत्तर होतं, मावशीनं. परका माणूस, थोडे गुण. संपलं असतं. लीलारामला कार्ड मिळालं असतं.

भावोजींनी त्या चार कोटांकडे पाहिलं. खिडकीतल्याकडे पाहिलं. मला त्यांच्या चेहऱ्यावर ते सगळं वाचता आलं. सांगायचं काय? माझी मावशी अनवाणी आली, तिनं मोटारीची पूजा केली, सिलाला ताईत समजून डोळ्यांना लावलं? हे लोक हसले असते. सोमवारी खरेदी खात्यात ती गोष्ट त्यांच्या आधी पोचली असती. पंधरा वर्षं घासून पुसून काढलेलं बदलापूर एका वाक्यात परत अंगावर आलं असतं.

ते म्हणाले, “मिस्त्रीनं लावला असेल. मला माहीत नाही.”

दिवाणसाहेब माझ्याकडे वळले. तुम्हाला काही सांगायचंय का, असं मराठीत विचारलं. अगदी सभ्यपणे.

इथवर मी ज्याला त्याला बोल लावला. आता माझी पाळी. मेहुण्यानं भर सभेत भावोजींना खोटं पाडायचं नसतं, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. अक्काला रोज त्याच घरात नांदायचंय. ही दोन्ही कारणं खरी आहेत आणि दोन्ही मी त्या क्षणी मनात धरली. पण तिसरं कारणही खरं आहे. त्या खोलीत, त्या कोटांपुढे, कुंकवाची गोष्ट सांगायची मलाही लाज वाटली. तोंडात मावशीच्या भाकरीची चव होती आणि मला तिचं नाव घ्यायची लाज वाटली.

मी म्हणालो, “नाही.”

त्यानंतर

खोलीबाहेर पडून पाच मिनिटंही झाली नसतील, मी परत आत गेलो आणि सगळं सांगितलं, मावशी, ताईत, तेल, सगळं. सेक्रेटरी हसले, जसं भावोजींना वाटलं होतं तसेच. दिवाणसाहेब हसले नाहीत. ते म्हणाले की जबाब एकदा दिला की बदलता येत नाही, नियम आहे.

मी काल बदललेल्या जबाबाचं नाव काढलं. अर्ध्या तासाची पाच मिनिटं झालेला कागद अजून बाहेर लावलेला आहे, चला दाखवतो म्हणालो. ते म्हणाले, तो तांत्रिक मुद्दा होता. मी ओरडलो. काय ओरडलो ते सगळं लिहीत नाही, त्यात मास्तराला न शोभणारं बरंच होतं. त्यांना विचारलं की निदान गाडी आता उघडा, कुणी आत हात घातला असेल तर दिसेलच ना? तांब्याचा पत्रा तोच आहे, सुतळी तीच आहे. त्यावर ते म्हणाले की गाडी उघडायची तरतूद नियमांत नाही. तीन दिवस गाडी भरवशाची आहे का ते बघायला जमलेल्या माणसांना आत बघायचंच नव्हतं. मला दोघांनी दंडाला धरून बाहेर काढलं.

यादी लागली. हिरवी गाडी पहिली. आमची तिसरी. आमच्या ओळीत मिस्त्रीच्या जागी एक आडवी रेघ.

रात्री अक्काच्या घरी कुणी नीट जेवलं नाही. मी अक्काला सांगितलं. तिनं वाढता वाढता हात थांबवला, नवऱ्याकडे पाहिलं आणि वरणाचं भांडं त्यांच्यापुढे न वाढताच ठेवून आत गेली. भावोजी मला म्हणाले की एका मिस्त्रीसाठी मी त्यांच्या घरात फूट पाडतोय. मी त्यांना भित्रे म्हणालो. तो शब्द मी अजून परत घेतलेला नाही. त्यांनी पाठवलेल्या पत्रकाला हेच उत्तर समजावं.

दुसऱ्या दिवशी मी बदलापूरला जाऊन मावशीला घडलेलं सांगितलं. ती एकदम उभी राहिली. “म्या लावला हात, त्या गरिबाला कनाला? चल, सांगतंय मी तुज्या सायबाला.” तिनं स्वच्छ लुगडं नेसलं आणि माझ्याबरोबर अंबरनाथला आली. जी गोष्ट आम्हा दोन शिकलेल्या पुरुषांच्या तोंडून निघेना, ती सांगायला ती म्हातारी उन्हात कारखान्याच्या फाटकाशी तासभर उभी राहिली. आतून निरोप आला की परीक्षेची समिती बरखास्त झाली आहे, आता तक्रार कुणाकडे करायची ते नियमात नाही. मावशीनं फाटकावरच्या पहारेकऱ्यालाच सगळं सांगितलं. तो बिचारा मान हलवत राहिला.

मावशीला बसमध्ये बसवून मी एकटा उल्हासनगरला गेलो. लीलाराम एका सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. त्यानं यादी पाहिली होती, आणि खोलीत विनायकरावांनी त्याचं नाव घेतल्याचंही मैदानावर त्याच्या कानावर आलं होतं. दिवाणसाहेबांना भेटायला सोमवारी जायचं नाही हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. मी जमेल तसं हिंदीत सांगत गेलो, मावशीचं, ताईताचं, पंचांचं, हिरव्या गाडीचं. पंचांवर मी बराच वेळ बोललो. तो ऐकत होता आणि ट्यूब हळूहळू फिरवत होता.

माझं संपल्यावर त्यानं विचारलं, “जब विनायकसाब ने मेरा नाम लिया, आप किधर थे?”

मी म्हणालो, तिथेच होतो. त्यांच्या शेजारी.

त्यानं ट्यूब पाण्यातून काढली, छिद्रावर अंगठा ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

“अच्छा,” तो म्हणाला. “घर में मैंने बोला था, मास्टरजी बाहर होंगे.”